तोंडावळा

घरात मूल जन्माला आले, की ते दिसायला कसे आहे यापेक्षा ते कोणासारखे दिसते याचीच चौकशी आधी होते. बारशाला जमलेल्या बायका पाळण्यात वाकून पाहतात आणि त्या इवल्याशा चेहऱ्याची वाटणी करून टाकतात. नाक आजोबांचे, हनुवटी आत्याची, कपाळ मात्र आईकडचे. आणि ज्याच्या वाट्याला काहीच आलेले नसते असा एखादा काका शेवटी पायाची बोटे तरी आपल्या वळणाची म्हणून मागून घेतो. त्या मुलाचे स्वतःचे असे काही शिल्लक उरले आहे की नाही, हा प्रश्न त्या वेळी कोणालाच पडत नाही. उलट, काहीच मिळतेजुळते सापडले नाही, तरच मंडळी अस्वस्थ होतात. तोंडावळा ही आपल्याकडे अभिमानाची गोष्ट आहे.

कलेच्या प्रांतात मात्र नेमके उलटे. तेथे एकाचे काही दुसऱ्यासारखे दिसले, की पहिला संशय चोरीचा. जो गुण पाळण्यात कौतुकाचा, तोच चित्राच्या चौकटीत आला की आरोप होतो.

मी महाविद्यालयात मराठी शिकवते. ‘अमुक कवीवर तमुक कवीचा असलेला प्रभाव स्पष्ट करा’ हा आमच्या प्रश्नपत्रिकेतला फार जुना आणि फार सज्जन प्रश्न. दहा गुणांचा. मुले त्याचे उत्तर पाठ करतात, आम्ही ते तपासतो, आणि दोघेही सुखाने घरी जातो. ज्ञानेश्वरांनी १२९० साली गीतेवरची टीका पूर्ण केली, तेव्हा आपण व्यासांच्या मागोमाग चाललो आहोत हे त्यांनी स्वतःच मोकळेपणाने सांगून टाकले. वर्गात हे मी इतक्यांदा सांगितले आहे, की ‘प्रभाव’ या शब्दाला काही धार असेल असे मला कधी वाटलेच नाही. गेल्या वर्षी हा शब्द एका पत्रातून आमच्या घरी आला, आणि त्याने घरातले एक माणूस आठवडाभर मुके करून टाकले.

ते माणूस म्हणजे आमची धाकटी. ती सतरा वर्षांची आहे आणि चित्रे काढते. कागदावर नव्हे, पाटीएवढ्या एका टॅबलेटवर, प्लॅस्टिकच्या लेखणीने. “पाटीवरच काढायचं होतं, तर माझी दगडी पाटी काय वाईट होती?” असे सासूबाई विचारतात. पण त्यांच्या पाटीवर एकावर एक असे वीस पारदर्शक थर ठेवता येत नसत, किंवा ओली बोटे न फिरवता चुकीची रेघ पुसता येत नसे. धाकटीची चित्रे असतात जगात नसलेल्या गोष्टींची: ढगांत तरंगणारे किल्ले, ओसाड नगरे, ढाल घेतलेल्या बायका आणि पंख असलेले प्राणी. या प्रकाराला फॅन्टसी चित्रकला म्हणतात. तिच्या खोलीच्या भिंतीवर, जेथे माझ्या वेळी सिनेनटांची चित्रे असत, तेथे या पंथातल्या चित्रकारांच्या चित्रांच्या प्रती टाचलेल्या आहेत. सासूबाईंनी एकदा तिचे एक चित्र चष्मा लावून निरखले.

“हा गरुड का गं?”

“नाही आजी, ड्रॅगन आहे.”

“असू दे. गरुडाच्याच गोत्रातला दिसतोय.”

तर या ड्रॅगनचेच एक चित्र धाकटीने एका स्पर्धेला पाठवले. पडकी देवडी, वर चढत गेलेल्या पायऱ्या, आणि वरच्या पायरीवर मान वळवून बसलेला तो प्राणी. चार आठवड्यांनी आयोजकांचे पत्र आले. त्यात मोजून तीन वाक्ये होती. चित्र कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्राने तयार केले असावे अशी परीक्षकांना शंका आहे. शिवाय त्यावर परदेशी चित्रकारांचा प्रभाव स्पष्ट दिसतो. तरी ते स्वतः काढल्याचा पुरावा आठ दिवसांत सादर करावा.

धाकटीने ते पत्र दोनदा वाचले आणि मला विचारले, “आई, यातला मोठा गुन्हा कुठला गं? मी काढलं नाही हा, की मी काढलं पण कोणासारखं तरी काढलं हा?”

मी उत्तर देण्याच्या आत तिने लेखणी टेबलाच्या खणात टाकली. रात्री जेवताना तिने जाहीर केले, की ती आता इंजिनिअरिंगचाच अर्ज भरणार. आमचे यजमान स्वतः इंजिनिअर आहेत. त्यांना हे ऐकून आनंद व्हायला हरकत नव्हती. पण ते नुसते भात कालवत राहिले.

मास्तरकीच्या धंद्यातल्या माणसांना एक खोड असते. घराला आग लागली, तरी आम्ही आधी पुस्तकात पाणी कुठे आहे ते पाहतो. मीही त्या रात्री कपाटातून ‘ध्वन्यालोक’ काढला. आनंदवर्धन हा नवव्या शतकातला काश्मीरचा आचार्य. त्याच्या ग्रंथाच्या चौथ्या, म्हणजे शेवटच्या भागात त्याने हाच प्रश्न घेतला आहे: आधीच्या कवींनी सगळे सांगून ठेवले असेल, तर मागून आलेल्याने करायचे काय? दोन कवींचे बोलणे जुळले, तर मागच्याला चोर म्हणायचे का? आनंदवर्धन म्हणतो, घाई करू नका. साम्य तीन तऱ्हांचे असते. एक, आरशातल्या प्रतिबिंबासारखे. त्याला स्वतःचा आत्माच नसतो. मूळ माणूस बाजूला झाला की ते नाहीसे होते. दुसरे, माणसाच्या चित्रासारखे. त्यात आत्मा असला तरी अगदी क्षुल्लक. (चित्रकारांनी यावर रागावू नये, आचार्य केवळ उपमा देत होते.) आणि तिसरे, एका जिवंत माणसाच्या दुसऱ्या जिवंत माणसाशी असलेल्या साम्यासारखे. पहिली दोन टाकून द्यावीत. तिसरे टाकू नये. कारण एका देहाचा दुसऱ्या देहाशी तोंडावळा जुळला, म्हणून ते दोघे एकच आहेत असे कोणी म्हणत नाही.

अकराशे वर्षांपूर्वीचा हा माणूस आमच्या घरातलेच भांडण ऐकून गेला होता की काय, असे मला वाटले. धाकटीच्या भिंतीवरची चित्रे मी मग त्याची कसोटी हातात घेऊन पाहू लागले.

या चित्रकारांची वंशावळ मोठी रमणीय आहे. अमेरिकेत हॉवर्ड पाईल नावाचा एक चित्रकार होऊन गेला. गोष्टींच्या पुस्तकांसाठी तो चित्रे काढी. समुद्रावरच्या चाच्यांचा जो वेष आज आपण सिनेमात पाहतो, तो बराचसा या पाईलच्या चित्रांतून आलेला. १९०० साली त्याने विल्मिंग्टन येथे स्वतःची शाळा काढली आणि निवडक विद्यार्थ्यांना एक पैसाही फी न घेता शिकवले. एन. सी. वाईथ हा तरुण १९०२ साली तेथे आला. १९११ मध्ये ‘ट्रेझर आयलंड’साठी वाईथने काढलेली चित्रे प्रसिद्ध झाली आणि त्याचे नाव झाले, त्याच वर्षी नोव्हेंबरात त्याचा गुरू इटलीत, फ्लॉरेन्सला वारला. वाईथचे चाचे पाहिले, की पाईलच्या घरचे आहेत हे लहान मूलही सांगेल. पण पाईलच्या चित्रात नसलेला एक दांडगा, अंगावर धावून येणारा उजेड वाईथच्या चित्रांत आहे. नाक गुरूचे, डोळे स्वतःचे.

ज्याची चित्रे धाकटीच्या भिंतीवर सर्वांत वर आहेत, तो फ्रँक फ्रॅझेटा १९२८ साली ब्रुकलिनमध्ये जन्मला. आठव्या वर्षी एका इटालियन मास्तरांच्या छोट्या चित्रशाळेत त्याचे नाव घातले गेले. पुढे वर्तमानपत्रांतल्या चित्रमालिका काढणाऱ्या हॅल फॉस्टरला त्याने मनोमन गुरू केले. १९६६ पासून कोनॅन नावाच्या रानटी वीराच्या कथांच्या पुस्तकांवर त्याची चित्रे झळकली, आणि त्यानंतर त्या तऱ्हेच्या पुस्तकांची मुखपृष्ठे पुन्हा पूर्वीसारखी राहिली नाहीत. आज संगणकावर योद्धे रंगवणारी जगभरातली मुले, त्यांना ठाऊक असो वा नसो, या माणसाची नातवंडे आहेत.

टॉल्किनचे उदाहरण तर याहून गोड आहे. त्याच्याजवळ योझेफ माडलेनर या जर्मन चित्रकाराच्या चित्राचे एक पोस्टकार्ड होते: पांढऱ्या दाढीचा, तांबडा झगा घातलेला एक म्हातारा झाडाखाली बसला आहे आणि एक हरणाचे पाडस त्याच्या हाताला नाक लावते आहे. ज्या कागदात ते कार्ड जपून ठेवले होते, त्यावर टॉल्किनने लिहून ठेवले, की गॅन्डाल्फ या आपल्या जादूगाराचा उगम येथे आहे. एका पोस्टकार्डाचे ऋण मान्य करायला त्या प्राध्यापकाला कमीपणा वाटला नाही. पुढे त्याच गॅन्डाल्फची चित्रे ॲलन ली आणि जॉन हाउ यांनी काढली, आणि तीच माणसे २००१ ते २००३ या काळात आलेल्या चित्रपटांसाठी ते जग उभारायला बसली. चित्रातून शब्द, शब्दांतून पुन्हा चित्र.

आणि इतक्या लांब तरी कशाला जायचे? आमच्या देवघरातल्या लक्ष्मीकडेच पाहा. राजा रविवर्मा यांनी तैलरंगांची विद्या पाश्चात्त्य चित्रांवरून आत्मसात केली आणि ती पुराणातल्या देवदेवतांना लावली. १८९४ साली मुंबईत त्यांचा छापखाना निघाला आणि त्या देवता घरोघर पोचल्या. त्यांचा तोंडावळा पुढच्या साऱ्या दिनदर्शिकांत उतरला. सासूबाई रोज ज्या मूर्तीपुढे निरांजन लावतात, तिच्या गालावरची छाया समुद्रापलीकडून आलेली आहे, हे मी त्यांना सांगितले. त्या म्हणाल्या, “आली ना? मग आता आपली झाली.”

या वाक्याची बरोबरी करील असे वाक्य मला अजून कुठल्याही काव्यशास्त्रात सापडलेले नाही.

पण घरात एक इंजिनिअर असला, की इतक्या सहजासहजी सुटका होत नाही. माझे सगळे व्याख्यान ऐकून घेतल्यावर यजमान म्हणाले, “हे ठीक आहे. पण धाकटीने लहानपणापासून हजारो चित्रं पाहिली आणि ती शिकली. यंत्राने कोट्यवधी चित्रं पाहिली आणि तेही शिकलं. मग एकाला विद्यार्थी म्हणायचं आणि दुसऱ्याला चोर, हे कुठलं गणित?”

ते चेष्टेने बोलत नव्हते. प्रश्न रास्त होता.

त्याचे उत्तर शोधताना मला पोलंडमधल्या एका चित्रकाराची हकीकत वाचायला मिळाली. ग्रेग रुटकोव्स्की हा फॅन्टसी खेळांसाठी ड्रॅगन आणि लढाया रंगवतो. जुन्या युरोपीय तैलचित्रांतल्या धीरगंभीर उजेडाची आठवण व्हावी असे त्याचे काम. ऑगस्ट २०२२ मध्ये स्टेबल डिफ्यूजन नावाचे यंत्र सर्वांना खुले झाले. त्याला शब्दांत आज्ञा द्यायची, की ते चित्र काढून देते. ‘रुटकोव्स्कीच्या शैलीत’ एवढे शब्द आज्ञेत घातले, की चित्र दिमाखदार होते, हे लोकांच्या लक्षात आले. सप्टेंबर २०२२ मध्ये ‘एमआयटी टेक्नॉलॉजी रिव्ह्यू’ने आकडे दिले: मायकेलअँजेलो किंवा पिकासो यांची नावे अशा आज्ञांत प्रत्येकी सुमारे दोन हजार वेळा किंवा त्याहून कमी आली होती, रुटकोव्स्कीचे सुमारे ९३,०००. त्याने स्वतःचे नाव शोधून पाहिले, तर त्याने कधीच न काढलेली चित्रे त्याच्या नावाखाली समोर येऊ लागली. आपली खरी चित्रे या गर्दीत सापडेनाशी होतील, ही त्याची भीती. पुढे २०२३ मध्ये अमेरिकेत या यंत्रांच्या कंपन्यांविरुद्ध चाललेल्या दाव्यात तोही सामील झाला.

दुसरी हकीकत कोरियाच्या किम जुंग गी याची. समोर कसलाही नमुना न ठेवता, पेन्सिलीची आखणीही न करता, भिंतीएवढ्या कागदावर माणसे, घोडे, गाड्या थेट शाईने उतरवीत जाणारा हा चित्रकार ३ ऑक्टोबर २०२२ रोजी पॅरिसमध्ये वारला. वय अवघे ४७. त्यानंतर थोड्याच दिवसांत कोणा एकाने त्याची चित्रे यंत्राला घोकवून त्याच्या शैलीचा एक साचा सर्वांसाठी ठेवला. ही आपली श्रद्धांजली आहे, असे त्याचे म्हणणे. साचा वापराल तर मला श्रेय द्या, अशी विनंतीही त्याने सोबत जोडली होती!

रुटकोव्स्की आणि किम यांच्यापुढे आनंदवर्धनाचा आरसा ठेवून पाहिला, की यजमानांच्या गणिताची गाठ थोडी सैल होते. यंत्राला कोणासारखे दिसावे असे वाटत नाही. त्याला वाईथसारखी तळमळ नाही, आणि गुरूसारखे जमले नाही याचे दुःखही नाही. शिष्य गुरूची हुबेहूब नक्कल करायला बसतो आणि ती त्याला जमत नाही. जेथे जमत नाही, तेथेच त्याचे स्वतःचे काहीतरी सुरू होते. फ्रॅझेटाला उतारवयात पक्षाघाताचे झटके आले आणि उजवा हात काम देईना. तेव्हा तो डाव्या हाताने काढायला शिकला. शैली नुसती बोटांत असती, तर ती उजव्या हाताबरोबरच संपली असती.

हे सारे मी बोलत होते ते यजमानांशी, पण कान देऊन ऐकत होती धाकटी. आठ दिवसांच्या मुदतीतले पाच दिवस गेले होते. तिने मुकाट्याने टॅबलेट आणला. तिच्या त्या प्रणालीत एक सोय आहे: चित्राची प्रत्येक रेघ काढताना ती आपोआप नोंदवून ठेवते आणि मागाहून झरझर दाखवते. अकरा तासांचे काम दोन मिनिटांत. पुरावा म्हणून हेच पाठवता आले असते. पण ज्यावर विश्वास ठेवला नाही त्याला कशाला दाखवायचे, म्हणून ती इतके दिवस अडून बसली होती. त्या रात्री दिवाणखान्यात आम्ही चौघांनी ते पाहिले.

आधी पायऱ्या आल्या, मग देवडी. मग तो प्राणी आला, आणि अगदी भिंतीवरच्या चित्रांतल्यासारखा आला: पंख पसरलेले, जबडा उघडा. तो पुसला गेला. पुन्हा आला, पुन्हा पुसला गेला. तिसऱ्यांदाही तेच. मग एकाएकी तो पंख मिटून बसला आणि त्याची मान बदलू लागली. ती मान किती वेळा पुसली हे मी मोजायला लागले. चौदापुढे मोजणे सोडून दिले.

“इथे मध्ये काय झालं?” यजमानांनी विचारले.

“इथे मी दोन दिवस काढलंच नाही,” ती म्हणाली. “ते यात दिसत नाही. सकाळी खाडीवर जाऊन बसत होते.”

तेवढ्यात सासूबाई पुढे वाकल्या. मान शेवटची आली होती: आत ओढून घेतलेली, वळसा दिलेली, आता सुटेल मग सुटेल अशी.

“अगं, हा तर बगळा!” त्या म्हणाल्या.

धाकटी आठवड्यात पहिल्यांदा हसली. ठाण्याच्या खाडीत ओहोटीच्या चिखलावर तासन्‌तास निश्चल उभा राहणारा राखी बगळा तिने त्या परदेशी ड्रॅगनच्या खांद्यांवर बसवला होता. तो कोणाच्या भिंतीवर नव्हता. तो तिने पाहिला होता, थंडीत कुडकुडत, दोन सकाळी. तिच्या चित्रातला जो आत्मा परीक्षकांना दिसला नाही, तो सत्तरी ओलांडलेल्या, मोतीबिंदू झालेल्या एका बाईला दिसला.

“तिने पाहिलेल्या बगळ्याचं गणित मला येत नाही,” यजमान उठता उठता म्हणाले. इंजिनिअर माणसाने इतके कबूल करणे पुष्कळ झाले.

नोंद आम्ही पाठवली. उत्तरात चित्र प्रदर्शनात लावले जाईल एवढी एक ओळ आली; प्रभावाविषयी अवाक्षरही नव्हते, आणि दिलगिरीचेही नव्हते. बक्षीस मिळाले नाही. प्रदर्शनात ते चित्र जिन्याजवळ, थोड्या अंधारात लावले होते. धाकटी त्याच्यापुढे न थांबता दुसऱ्या मुलांची चित्रे पाहत फिरली आणि एका मुलीला तिने ढग कसे काढलेस म्हणून अर्धा तास धरून ठेवले.

इंजिनिअरिंगचा अर्ज तिने भरला आहे. यजमानांनी त्याच दिवशी, काही न बोलता, एका कलाशाळेच्या प्रवेशअर्जाचेही पैसे भरले. परवा ती तो अर्ज लिहीत बसली होती. त्यात एक प्रश्न होता: तुमच्यावर कोणाकोणाचा प्रभाव आहे?

“आई, किती नावं लिहिलेली चालतात?”

“सगळी लिही,” मी म्हटले. “दहा गुणांचा प्रश्न आहे.”

ती लिहू लागली. पाईल आला, वाईथ आला, फ्रॅझेटा आला, किम जुंग गी आला, देवघरातली लक्ष्मी आली, प्रदर्शनातली ती ढगवाली मुलगीही आली. फॉर्मवर जागा दोनच ओळींची होती. बगळ्यासाठी तिने पुरवणी जोडली.